जयवंता, तुझ्या गाडीचं झाकण

जयवंता, तुझ्या जलदानाच्या दिवशी मी दुसऱ्याच माणसाच्या मोटरसायकलला शेक देत बसलो होतो.

पुढच्या अंगणात मंडप होता. भन्तेजी यायचे होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती आणि तुझा फोटो तू बसायचास त्याच खुर्चीवर हार घालून ठेवला होता. मी मागच्या दारानं सटकलो. चुलीवरच्या पातेल्यातून तांब्याभर कढत पाणी घेतलं, टॉवेल बुडवून पिळला, भाजलेली बोटं तोंडात घातली, आणि तुझ्या शेडच्या कडेला उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या इंजिनाला, तेलाच्या झाकणाभोवती, टॉवेल गुंडाळला. तू शिकवलं होतंस तसाच. झाकणावर नाही, झाकणाच्या आजूबाजूच्या पत्र्याला. पिशवीत तेलाची बाटली होती, खिशात जुन्या ट्यूबचा तुकडा. मनात म्हणत होतो, दहा मिनिटं दे रे जयवंता, दहा मिनिटं इकडे कुणाला फिरकू देऊ नकोस.

फिरकला तो तुझा किन्हवलीचा मावसभाऊ दिलीप. पान थुंकायला आला होता. माझ्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं.

"दाजी," म्हणाला, "माझ्या गाडीला ताप आलाय काय?"

काळ्या गाड्या मला सगळ्या सारख्याच दिसतात. तू पंचवीस वर्षं सांगत होतास, गाडी रंगावरून ओळखू नये, आवाजावरून ओळखावी. बंद गाडी कशावरून ओळखायची ते सांगायचं तुझ्याकडून राहून गेलं. मी दिलीपला म्हणालो, टॉवेल वाळत घातलाय. कढत, वाफाळता टॉवेल. त्यानं मोठ्या दयेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुःखात माणसाचं होतं असं म्हणाला, आणि मला दंडाला धरून मंडपात नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. तिथून उठणं शक्य नव्हतं. समोर तू, शेजारी दिलीप, मागे सगळं शेणवा गाव.

आणि पलीकडून तुझी प्रज्ञा आत्याला सांगत होती की जेवणं उरकली की ती पप्पांची गाडी घेऊन नाशिकला निघणार, नवरा कारमधून मागे येईल. सकाळीच तिनं ती शेडमधून काढून नळापाशी धुवायला लावली होती. म्हणून तर मी चुकलो.

त्या इंजिनात तेलाचा थेंब नव्हता, जयवंता. निदान मला तसं वाटत होतं. ते मला ठाऊक होतं आणि तुला. तुझ्या गळ्यात हार होता. पोरगी कोरड्या इंजिनानं निघणार, आणि ते कसाऱ्याच्या घाटात कुठंतरी जाम होणार. तिला थांबवायचं तर सांगावं लागणार की पोरी, तेल मी सोडलं, झाकण मी आवळलं, तुझ्या बापाला सहा महिने मीच ओट्यावर डांबून ठेवला. पंचशील चालू होतं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज फुटेना. दिलीपनं पुन्हा खांद्यावर हात ठेवला.

तुला माहीत आहे तेच सांगतो, फक्त माझ्या बाजूनं. ही बाजू तुला कधी सांगितलीच नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तुझं हृदय पडद्यावर दाखवलं आणि पंप थकलाय म्हणाले. पंप किती तरी उघडले मेकॅनिकच्या आयुष्यात, हाच तेवढा उघडायला बंदी, असं तू वर हसून म्हणालास. वजन उचलायचं नाही, किक मारायची नाही, गाडी तर चालवायचीच नाही. चक्कर आली तर तू जाशील आणि समोरून येणाऱ्याला घेऊन जाशील. वहिनी जाऊन चार वर्षं झालेली, प्रज्ञा नाशिकला, म्हणजे तुझ्याकडे बघायला तुझी बहीण, माझी बायको. शोभा रोज दुपारी शहापूरहून एसटीनं डबा घेऊन शेणव्याला यायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं तुझ्या गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. ही तुमी ठेवा, माझ्याकडनं तो गोड बोलून काढून घेईल, म्हणाली.

मी कारकून माणूस. चावी म्हणजे चावी, असं समजून कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी आलो तर तू अंगणात गाडी चालू करून तिच्याजवळ खुर्ची टाकून रेडिओ ऐकावा तसा बसला होतास. चावी लोकांसाठी असते, म्हणालास. मग मी चाकांची हवा सोडली. तू रस्त्यानं जाणाऱ्या मास्तरांना हाक मारून पंपानं हवा भरून घेतलीस, वर त्यांना चहा पाजलास.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. ती माझी एकट्याची होती, शोभाला त्यात गोवत नाही. तू एक वेळ भाकरीवाचून राहशील, पण तेलावाचून इंजिन फिरवणार नाहीस. रविवारी मी म्हणालो, तेल काळं झालंय रे, बदलून टाकतो. तू किती खूश झालास! लग्नात तुझा करवला म्हणून ज्यानं गाडीला फुलं बांधली तो सुऱ्या इतक्या वर्षांनी पान्याला हात लावतोय, म्हणून खुर्चीतून एकेक गोष्ट सांगत होतास. मी खालचा नट काढला, तेल सोडलं, नट लावला. तू गोळी घ्यायला आत गेलास. मी वरच्या झाकणाला पक्कड लावली आणि ते कुरकुरेपर्यंत आवळलं. तू बाहेर आलास तेव्हा मी कपाळाचा घाम पुसत होतो. घाम खरा होता.

"झाकण निघत नाय रे," म्हणालो.

झाकणाच्या बाबतीत तुला फसवायचं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखं. शेणव्यापासून डोळखांबपर्यंतचे लोक अडकलेलं झाकण घेऊन तुझ्याकडे येत. तेल सांडेल या भीतीनं लोक ते आवळतात. आवळलं की खालची रबरी रिंग चेपते, पत्र्याला चिकटते, आणि मग पुढच्या वेळी ते जागचं हलत नाही. मग पक्कड येते, मग स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी. किन्हवलीच्या एका माणसानं तसंच हाणलं होतं, आठवतं? अर्धं झाकण तुटून नखाएवढा तुकडा आत पडला. तो म्हणत होता, जाऊ दे, नवं झाकण बसवा. तू त्या नखाएवढ्या तुकड्यासाठी इंजिनाची अख्खी बाजू उघडलीस, दिवस घालवलास, आणि तुकडा त्याच्या तळहातावर ठेवून म्हणालास, हे आत फिरलं असतं म्हणजे तुझी गाडी तुझ्यासकट रस्त्यात झोपली असती. तू स्वतः मात्र एकही झाकण कधी फोडलं नाहीस. ओरखडासुद्धा नाही. त्याचा तुला गर्व होता, आणि गर्व करायला तुझ्याकडे दुसरं फार नव्हतं.

ही विद्या मुरबाडची. दहावीनंतर मी कॉलेजला गेलो आणि तू मुरबाडला, स्टँडच्या मागच्या उस्तादांकडे. अलीकडे त्यांना दिसायचं बंद झालं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी तू किन्हवली, सरळगाव करत त्यांना भेटायला जायचास. ते दाराबाहेर बाकावर बसलेले असायचे, आणि तुझी गाडी कोपऱ्यावर वळली की तू उतरायच्या आधी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, टॅपेट वाजतंय रे जयवंता. तुझ्याबरोबर एकदा मीही होतो. माझ्याकडे वळून म्हणाले, मागे बसलेला माणूस ढिला आहे, वळणावर उलटा कलतो. शोभाचं लग्न ठरवताना तुझ्या आईबापांनी ह्यांना विचारायला हवं होतं.

तर झाकण निघत नव्हतं, आणि तुला मुरबाडला जायचं होतं.

एवढी एकच मागणी होती तुझी. एकदा जाऊन येतो, मग ठेवा मला कोंडून. मी म्हणायचो, रिक्षा सांगतो, मी येतो बरोबर, पाऊण तासाचा रस्ता.

"रिक्षानं जाऊन त्यांना काय ऐकवू, रिक्षा? त्यांना दिसत नाय रे. मी आलो हे त्यांना गाडीवरनं कळतं."

"बरा झालास की जा गाडीनं."

"बरा कोण होतंय, सुऱ्या?"

खूश असलास की मी सुऱ्या, रागावलास की दाजी. या प्रश्नाला मात्र तू सुऱ्या म्हणालास, आणि मला तोंड लपवायला जागा हवी होती म्हणून मी झाकणावर वाकलो.

असे किती रविवार गेले. तू ओट्यावर खुर्चीत, पाय सुजलेले, मी खाली गाडीजवळ उकिडवा. तुला वाकायची बंदी. पहिल्या आठवड्यात एकदा तू स्वतः जोर लावून बघितलास तर ओठ निळे पडले आणि शोभानं आकांत केला. शेजाऱ्यांना तिनं दम देऊन ठेवला होता, आणि परक्या मेकॅनिकचा हात तुला गाडीला लागू द्यायचा नव्हता. उरलो मी. तू माझ्या हातांनी झाकण उघडायचं ठरवलंस.

आणि शिकवलंस तरी किती मन लावून! आधी रॉकेलच्या ब्रशनं आजूबाजूची माती काढ, नाही तर झाकण उघडताना तीच आत जाईल. इंजिन गरम असतं तर रबर आपोआप नरम झालं असतं, पण बिगर तेलाचं ते चालू करता येत नाही, म्हणून कढत फडकं गुंडाळ. ते निवेस्तोवर हात लावू नकोस, निवलं की दुसरं. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं चहूबाजूंनी हलकं ठोक, दार वाजवल्यासारखं, फोडल्यासारखं नाही. मग ट्यूबचा तुकडा झाकणावर ठेवून तळहातानं दाबून धर. बोटांनी नाही, तळहातानं. आणि सगळ्यात महत्त्वाचं उस्तादांचं वाक्य: आधी किंचित आवळ, मग सोड. चिकटलेली रिंग जागची हलली पाहिजे, कुठल्या बाजूला ते नंतर.

मी सगळं करायचो, जयवंता. रॉकेल, फडकं, मूठ, ट्यूब. आणि शेवटचं वाक्य निम्मंच ऐकायचो. किंचित आवळायचो आणि तिथंच थांबायचो. दर रविवारी थोडं आणखी. मग दात-ओठ खाऊन हुंकार द्यायचो, तळहात झटकायचो, नाय निघत म्हणायचो. माझ्या त्या हुंकाराला तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस तरी मिळालं असतं.

एकदा तू विचारलंस, "पक्कड लावलेली काय रे याला कुणी? जोर लावला तेव्हा कडेला दात दिसले."

"नाय बा," मी म्हणालो.

तू रस्त्याकडे बघितलंस. मुरबाडकडे जाणारी एसटी गेली. दुपारभर तू त्या एसट्या मोजायचास हे मला शोभाकडून कळलं होतं. एसटी वळणाआड गेली तसा म्हणालास, "मला हितनं झाकण दिसत नाय. तुझा खांदा तेवढा दिसतो."

मी समजलो, तुला अंधुक दिसायला लागलंय. घरी येऊन शोभालाही तसं सांगितलं. तिनं भाजी ढवळता ढवळता हं म्हटलं.

माझंही काही मजेत चाललं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. सोमवारी कचेरीत फाईल उघडली की तुझा तो ओटा दिसायचा. वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं की हा उठेल, तेल भरेल आणि जाईल, आणि सरळगावच्या पुढे कुठंतरी रस्त्याच्या कडेला सापडेल. न सांगावं तर हा असा खुर्चीत बसून संपेल. दोन्हीकडून दार बंद, आणि बाहेरून कडी लावणारा मीच. शनिवार आला की वाटायचं, उद्या जाऊच नये. पण रविवारी न जाऊन तरी कसं चालेल? झाकण कोण आवळणार?

आणि मग एका रविवारी तू मुरबाडचं नावच काढलं नाहीस.

मी वाट बघितली. चहा झाला. कचेरीतल्या बदल्या बोलून झाल्या, प्रज्ञाच्या पोराचे दात झाले. तू गाडीकडे बघितलंसही नाहीस. शेवटी मीच बोललो, झाकण बघू का रे जरा? तू म्हणालास, "बघ की." इतक्या सहज, की मी तुझ्याकडे वळून बघितलं. मी खाली बसलो, फडकं-बिडकं सगळं केलं, आणि आवळलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा बरंच वळलं. मला वाटलं, सरावानं माझ्या हातात ताकद आली.

त्यानंतरचे सगळे रविवार तसेच. तू शांत. एसट्या मोजायचंही सोडलंस. हसायचास सुद्धा, पण त्या हसण्याचा अर्थ मी लावला तो असा, की तू हरलास. मी तुला हरवलं. गावातला सगळ्यात हट्टी माणूस, ज्यानं एक झाकण कधी अर्धवट सोडलं नाही, त्याची इच्छा मी पक्कड लावून मोडली, असं मला वाटायचं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसायचो. शोभा शेजारी असली तर डोळ्यात धूळ गेली म्हणायचो.

तू दुपारी गेलास. खुर्चीतच, शोभा ताट वाढून आणेपर्यंत. मी आलो तेव्हा तुला आत निजवलं होतं, आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? सुटलो. आता आवळायला नको. त्या एका क्षणाची लाज मला तुझ्याशिवाय कुणापुढे कबूल करता येणार नाही, आणि तुझ्यापुढेही आता असं कागदावर.

तर मंडपात परत येतो. पाणी सोडून झालं, गाथा संपल्या, माणसं जेवायला उठली. दिलीप पत्रावळीकडे गेला तसा मी नळाकडे. या खेपेला नंबर वाचला. पंधरा-वीस मिनिटं होती हाताशी. तांब्यातलं पाणी निवलं होतं, दुसरं आणलं. आणि जयवंता, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं पुरतं ऐकलं. माती काढली. फडकं गुंडाळलं, ते निवेपर्यंत थांबलो, दुसरं गुंडाळलं. थांबणं फार कठीण असतं, हे तू सांगितलं नव्हतंस. मंडपातून पंगतीचा आवाज येत होता, प्रज्ञा कुणाला तरी हेल्मेट कुठे ठेवलंय विचारत होती, आणि माझे हात पक्कड शोधत होते. नाही घेतली. मुठीनं ठोकलं, दार वाजवल्यासारखं. ट्यूब ठेवली, तळहात दाबला. किंचित आवळलं. मग सोडलं.

नाही हललं. पुन्हा फडकं. पुन्हा मूठ. तिसऱ्या वेळी तळहाताखाली काहीतरी सुटल्यासारखं जाणवलं, अगदी बारीक, आणि झाकण माझ्या हातात फिरत आलं. तुटलं नाही, चरा नाही. माझ्या पकडीचे जुने दात तेवढे कडेला. मी तुला हाक मारणार होतो, इतका आनंद झाला मला.

झाकणाखालची तेल मोजायची पट्टी पुसली, आत बुडवली, वर काढली. बघतच राहिलो. वरच्या खुणेपर्यंत तेल. नवं, मधाच्या रंगाचं. रिंगेवर ग्रीसचं बोट फिरवलेलं.

मी बाटली हातात धरून तिथंच मातीत बसलो. हे तेल मी घातलं नव्हतं. प्रज्ञा हेल्मेट घेऊन आली, काय झालं काका, म्हणाली. मी विचारलं, तू तेल भरलंस का ग? तिनं मान हलवली, पप्पांनी भरलेलंच असेल की, ते गाडी कधी कोरडी ठेवायचे का, असं म्हणून माझ्या हातातलं झाकण घेतलं, दोन बोटांनी बसवलं, दोन बोटांनीच फिरवलं आणि पुरे केलं. दुसऱ्या किकला गाडी लागली. मंडपातली माणसं जेवता जेवता थांबली. पोरगी शहापूरच्या दिशेनं वळली, आणि मी हातातली बाटली कुठे लपवावी या विचारात उभा राहिलो.

शोभा दारात होती. तिनं बाटलीकडे बघितलं आणि पिशवी पुढे केली.

घरी आल्यावर तिनं पांढरी साडी बदलली, चहा टाकला, आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "निघालं का झाकण?"

मी तिला झाकणाचं कधी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे कपडे धुताना पँटीला रॉकेलचा वास का येतो, यावर काहीबाही सांगितलं होतं तेवढंच.

मग तिनं सांगितलं. एका बुधवारी तिनं झाकण उघडलं. तू खुर्चीत बसून सांगत होतास आणि ती करत होती. पहिल्याच खेपेला निघालं. रोज भाकऱ्या थापणारा तळहात आहे माझा, म्हणाली. तेल तिनं शहापुरातून डब्याच्या पिशवीत तळाशी घालून आणलं. किक तिनं मारली. चार वेळा मारली, चप्पल उडाली, पाचव्यांदा लागली. तू पुढे, ती मागे, पदर खोचून. किन्हवली, सरळगाव, इतक्या हळू की एक सायकलवाला पुढे गेला आणि वळून वळून बघत राहिला. मुरबाडला उस्ताद बाकावर होते. गाडी कोपऱ्यावर वळली तसे उभे राहिले, काठी न घेता, आणि म्हणाले, किती दिवसांनी रे. गाडीत काय बिघडलंय हे त्यांनी त्या दिवशी सांगितलंच नाही. तुम्ही दोघं तासभर बाकावर बसून होतात, फारसं बोललात नाही. परत आल्यावर तू ताटभर जेवलास आणि संध्याकाळपर्यंत झोपलास.

मी विचारलं, वाटेत काही झालं असतं म्हणजे?

"झालं असतं तर मी होते ना मागं," ती म्हणाली. मग चहा उतू गेला तरी तिनं गॅस बंद केला नाही. मीच केला. तिचे खांदे हलत होते. तेव्हापासून तिला रोज वाटतं की त्या एका दिवसानंच तुझे पुढचे दिवस खाल्ले. मी म्हणालो, आणि मला रोज वाटतं, न गेल्यानं तो खचला. एका घरात, एका ताटलीत वाटण्या करून खाणारी आम्ही दोघं, जयवंता, आणि दोघंही आपापल्या कोठडीत. तुझ्याबद्दलच्याच.

मी चहा गाळला आणि तिला विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? सगळं होऊन गेल्यावर मी दर रविवारी तिथं जाऊन भरल्या इंजिनाचं झाकण आवळत होतो. तू बघत होतीस, तो माझा खांदा कुठं वळतो ते बघत होता. एकानंही थांबवू नये?

शोभानं डोळे पुसले. पुसता पुसता तिला हसू आलं.

"मी सांगणार होते वो. तोच म्हणला, नको गो सांगू. त्याला माझ्या जिवाचं भ्या वाटतं. आवळू दे त्याला. मी जाऊन आलोय."